वरच्या पिस्तुलाची मूठ

आज तुम्हाला सांगतोय ते माझ्या घरातही कुणाला ठाऊक नाही. बायकोला नाही, आणि लेकीला तर नाहीच नाही. तिला कळलं तर काय होईल, असा विचार सुरू झाला की मी उठून बैलांना पाणी दाखवायला जातो. ते बिचारे आधीच प्यालेले असतात. आता तुम्ही म्हणाल, मास्तर, केलंत तरी काय एवढं? काही नाही हो — एका लाकडी मुठीवर कानस फिरवली. ऐकायला किती साधं वाटतं ना? मलाही बरीच वर्षं ते साधंच मानून घ्यायचं होतं.

मी नेरला शाळेत खेळाचा शिक्षक. कबड्डी, खो-खो, आणि माझ्या हट्टापायी नेमबाजी. एका जिनिंगचं रिकामं गोडाऊन मिळालं होतं, तिथे आम्ही रेंज उभी केली. पत्र्याला कापसाचे पुंजके चिकटलेले असायचे आणि पोरं शिंकत शिंकत नेम धरायची. आमचा प्रकार एअर पिस्तुलाचा. हवेच्या दाबानं छर्रा सुटतो, दहा मीटरवर कागदाचं टार्गेट. पण पिस्तूल पूर्ण आकाराचं, मोठ्यांच्या स्पर्धेतलं — एका हातानं ते समोर धरून ठेवायचं म्हणजे पहिल्या आठवड्यात खांदा जेवू देत नाही.

त्या काळात दोन पोरी बऱ्या निघाल्या होत्या. एक माझी अश्विनी. दुसरी कविता, जवळच्या तांड्यावरून सायकलनं यायची. बंजारा घरातली, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. तिचा हात लांब, सडपातळ, आणि एकदा वर गेला की हलत नसे. माझ्या लेकीचा हात भरदार, थोडा घाईचा. दोघीही चांगल्या होत्या, असं मी लोकांना सांगायचो. आता सांगायलाच बसलोय तर — कविता जास्त चांगली होती. थोडी नाही, बरीच. हे मला तेव्हाही कळत होतं. न कळायला मी काय आंधळा होतो?

मग जिनिंगचे शेठ एक दिवस म्हणाले, मास्तर, पोरींना दोन नवी पिस्तुलं घ्या, कोणती ते तुम्ही ठरवा. त्या पिस्तुलाची दोन मॉडेलं होती, साधं आणि वरचं. नळी तीच, नेम तोच. वरच्यात छर्रा सुटताना बसणारा झटका आतच जिरवायची सोय होती, ट्रिगर हवा तसा बारीक लावता यायचा आणि मूठ हवी त्या कोनात फिरायची. शेठच्या पैशात दोन्ही वरची बसत नव्हती. दोन साधी बसत होती. किंवा एक साधं आणि एक वरचं.

दोन साधी घेतली असती तर आज तुमच्यापुढे बसायची वेळ आली नसती. पण मी म्हणालो, एक वरचं असू द्या. शेठ म्हणाले, मग ते कोणाला? मी म्हणालो, जिचा नेम चांगला तिला, चाचणी घेऊ. काय रुबाबात म्हणालो! आणि म्हणतानाच मला ठाऊक होतं की अशी चाचणी झाली तर ते पिस्तूल तांड्यावर जाईल.

इथे मुठीचं थोडं सांगायला हवं. या पिस्तुलांची मूठ लाकडाची असते आणि ती कारखान्यातून कुणाच्याच हाताची येत नाही. प्रत्येक नेमबाज ती आपल्या हाताप्रमाणे करून घेतो. जिथे टोचतं तिथे कानसीनं घासायचं, जिथे पोकळ राहतं तिथे पुट्टी भरायची. मूठ हातात चपलेसारखी बसली पाहिजे. सैल राहिली की माणूस नकळत आवळतो, आणि आवळलं की छर्रा डावीकडे खाली जातो. हे मी पोरींना अजून शिकवलं नव्हतं. जुन्या पिस्तुलाच्या मुठीला कानस लावायची सोय नव्हती ना, सगळेच तेच वापरायचे.

चाचणीच्या आदल्या दुपारी मी गोडाऊनमध्ये एकटा गेलो. वरच्या पिस्तुलाच्या मुठीत तळहाताची गादी टेकते तिथला फुगीर भाग मी कानसीनं खाली आणला. अंगठ्याची खाचही रुंद केली. अश्विनीला समोर उभं करायची गरजच नव्हती — जिचं बोट धरून चालायला शिकवलं, तिच्या हाताचं माप बापाला लागतं का? मग घासल्याच्या खुणा दिसू नयेत म्हणून पॉलिशपेपर फिरवला, गोडंतेल चोळलं, खाली पडलेला भुसा झाडून काढला. हे मुद्दाम सांगतोय. चुकून केलं असतं तर भुसा कशाला झाडला असता मी?

दुसऱ्या दिवशी दोघींचे घरचे आले होते. कविताचे वडील डोक्याचा रुमाल काढून कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. आधी अश्विनीनं वरचं पिस्तूल उचललं आणि ते तिच्या हातात गेलं ते जणू तिथेच वाढलेलं. मग कविता. पहिला छर्रा डावीकडे. दुसराही डावीकडे, जरा खाली. तिनं हात खाली घेतला, मुठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सर, हे मले डावीकडं ओढून राह्यलं."

एवढीच संधी होती. पुट्टीचा डबा माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. पोरीला बरोबर कळलं होतं, पिस्तूल ओढतंय असंच ती म्हणाली होती. आणि मी काय म्हणालो?

"पिस्तूल नाही वं पोरी. तुहा हातच या पिस्तुलाचा नाही."

हे मी तिच्या बापादेखत म्हणालो. शिक्षकाच्या आवाजात, अगदी मायेनं. तिचे वडील उठले, म्हणाले, "सर, तुमी म्हनता तं तसंच असन." त्यांनी मला हात जोडले. त्या जोडलेल्या हातांना मी नमस्कार केला — यापुढे काय सांगू?

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे जगात चालतंच, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. आणि एक सोयीचं सत्यही हाताशी होतं. साध्या पिस्तुलानंही नेम लागतो! कविताकडे साधं पिस्तूल आलं होतं, चांगलं होतं, मूठ तिच्या हाताला जवळपास बरोबर बसत होती. मग तिचं नुकसान ते काय? अमरावतीच्या निवड स्पर्धेत ती त्याच पिस्तुलावर उतरली. मी मागे उभा होतो. प्रत्येक छर्ऱ्याआधी ती एक नवीन गोष्ट करत होती. टार्गेटकडे बघण्याआधी ती आपल्या हाताकडे बघायची. आजारी माणसाकडे बघावं तसं. पूर्वी तिनं हाताकडे कधी पाहिलंच नव्हतं, त्याची गरजच नव्हती. अश्विनीची निवड झाली. कविता थोडक्यात राहिली आणि परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी तांड्यावर विचारायला गेलो नाही.

तेव्हा मला कळलं की वरचं पिस्तूल ही फार लहान गोष्ट होती. ते उद्या काढून दुसऱ्याला देता येतं. मुठीचं लाकूडही पुट्टीनं भरून येतं. पण पोरीच्या मनात मी जे घासून ठेवलं त्याला पुट्टी कुठून आणणार होतो?

अश्विनी पुढे राज्यापर्यंत खेळली. खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागली. मेहनत तिनं केली, ते कुणी नाकारू नये, मीही नाकारत नाही. बायको पाहुण्यांना पदकं दाखवते तेव्हा मी चहाचं बघतो. लेक सुट्टीवर आली की माझ्या पाया पडते, म्हणते, बाबा, तुमच्यामुळं. काय सांगू तिला? कशामुळं ते?

एवढ्यावर हे संपलं असतं तर कदाचित मी तोंड उघडलंही नसतं. पण या दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या गडबडीत, एका रविवारी रेंजच्या दारात एक बाई उभी राहिली. सोबत आठ-नऊ वर्षांची पोर. मी ओळखलं नाही. तिनंच नाव सांगितलं — कविता. बाभुळगावला दिलेली, शेती आहे, बरं चाललंय म्हणाली. चेहऱ्यावर माझ्याबद्दल कणभरही राग नव्हता. असता तर फार बरं झालं असतं.

"सर, हिले शिकवा," ती म्हणाली. "लय हट्ट करून राह्यली. पन हिच्या हाती पिस्तूल नोका देऊ. हात माह्यासारखाच हाये. मले जसं झालं तसं हिले नोको."

मी त्या पोरीचा हात हातात घेतला. लांब, सडपातळ. सरळ वर धरायला सांगितला, तर तो गेला आणि तिथेच राहिला. वयाप्रमाणे थरथरायला हवा होता, थरथरला नाही. मी किती वेळ तो बघत बसलो कोण जाणे. कविता माझ्या तोंडाकडे बघत होती, तिला वाटलं मी तपासतोय. दार उघडं होतं, गोडाऊनमध्ये आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं, लेक माझी कोसो दूर नोकरीवर. तेव्हा बोलायला मला काय हरकत होती?

मी म्हणालो, "बराबर हाये तुहं. हिले रायफल देऊ."

कविताचा जीव भांड्यात पडला. ती माझ्या पाया पडली आणि पोरीलाही पडायला लावलं.

पोर आता दर रविवारी येते. रायफलही हवेचीच, पण दोन्ही हातांनी धरायची; ती तिला जड जाते, कोपर टेकवून टेकवून लाल होतं, पण कुरकुर करत नाही. बाकीची पोरं पिस्तुलाच्या कपाटाभोवती घुटमळतात. ती तिकडे फिरकत नाही. आपला हात त्यासाठी नाही, असं तिला तिच्या आईनं सांगितलंय, आणि तिच्या आईला मी.