स्लॅबच्या घरामागची आत्ती

कुरुंदवाडचा नदीवरचा घाट बघायचाच, असं त्या मे महिन्याच्या सुट्टीत ठरवलं. उचगावच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणारी सुजाता म्हणाली, "मीपण येते. पुढच्या खेड्यात माझी आत्ती हाय, तिचं पंचायतीतलं एक काम करून द्यायचं हाय."

कोल्हापूरहून एसटीनं दीडेक तास, पंचवीस-तीस रुपये. सकाळचीच पकडा, दुपारी पत्रा भाजून काढतो. घाटावर तासभर बसलो, बासुंदी खाल्ली. मग माणशी पैसे घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये कोंबून आत्तीच्या गावी.

सुजाताच्या चुलत्यांचं घर स्लॅबचं. दारात मोटरसायकल, आत रंगीत टीव्ही. "जयभीम, पावणं," म्हणत चुलतीनं चहा दिला. आत्ती मात्र मागं, म्हशीशेजारच्या छपरात. नवरा गेल्यावर दिरांनी सासरच्या रेशनकार्डावरनं तिचं नाव काढलं, तेव्हापासून ती भावाकडं, म्हणजे या चुलत्यांकडं. दिवसभर लोकांच्या उसात तण काढायची भांगलण, मजुरी भावजयीच्या हातात. जेवण सगळ्यांच्या मागून, उरलं तर.

आम्ही तिला घेऊन पंचायतीत गरिबीचं रेशनकार्ड मागायला गेलो. ग्रामसेवकानं यादी चाळली. "हे घर गरिबीच्या यादीत बसत न्हाय. गाडी हाय, टीव्ही हाय."

"त्यातलं माझं काय हाय?" आत्तीनं विचारलं.

त्यानं यादी मिटली. "येगळी चूल दावा, येगळं कार्ड करू. दुपारी येऊन बघतो."

आत्तीनं छपरात तीन दगड मांडले. सुजातानं दुकानातून तांदूळ आणले. भाताला आधण आलं, तोच भाऊ आला.

"आक्का, भणीला भाईर काढली म्हणतील की लोक! माझी अब्रू घालवतीस व्हय?"

"आत कवा घेतलतास?"

त्यानं पातेल्याला लाथ घातली. भात शेणात सांडला. सुजाता ओरडत पुढं झाली, तर आत्तीनंच तिला मागं ओढलं. मग एकेक दगड उचलून भिंतीकडेला नेऊन ठेवला.

ग्रामसेवक खरंच आला. "चूल कुठाय?"

भाऊ दारात उभा होता.

"मांडली न्हाय," आत्ती म्हणाली.

निघताना सुजातानं तिचा हात धरला. "उचगावला चल माझ्याकडं."

"तुझं तरी घर कुणाच्या नावावर हाय, पोरी?"

सुजातानं हात सोडला. एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली, उचगाव येईपर्यंत.

त्यानंतर सुजाता दोनदा वेगळ्या कार्डाचा अर्ज घेऊन गेली. आत्तीनं अंगठा दिला नाही. अजून भांगलायला जाते म्हणे.

घाट सुंदर आहे, जरूर जा. मी मात्र आता कुठल्याही गावात पाहुणी गेले, की चहा झाल्यावर घराच्या मागं जाऊन येते.