जांभळ्या इरकलीची घडी

साडी ही आपली संस्कृती आहे, असं इथल्या मराठी मंडळात दर गणपतीला माइकवरून सांगतात. ग्लासगोच्या थंडीत टाळ्याही पडतात. आमच्या देवळाली प्रवरेच्या गल्लीत मात्र नवी साडी ही आधी शेजारच्या शकूकाकूनं नेसून मेथी आणायची वस्तू होती.

नव्या साडीची घडी आपण मोडायची नसते, दुसऱ्या कुणाला नेसायला देऊन मोडून घ्यायची. गल्लीनं हे काम काकूकडे सोपवलं होतं. बुटकी, टाचा आपटत चालणारी काकू कुणाच्याही शालूत बाजार करून यायची. "नवी साडी म्हंजी नवी नवरी. लई ताठ आसती. जरा उन्हातनं फिरवली का मानसात येती." साडी परत मात्र मागायची नाही. "मागितली का घडी मोडलीच न्हाई समज. मी काय साडी खाती व्हय?"

मी परदेशी निघाले तेव्हा आईनं घेतलेली जांभळी रेशमी इरकल घाईत तशीच बॅगेत गेली. काकू फोनवर उखडली. "कोरी नेली व्हय गं? हात लावू नको तिला. मीच येती इमानानं."

"इथं भाजी मॉलमध्ये मिळते, काकू."

"मंग मॉलात जाऊ की नेसून!"

पासपोर्टसाठी तिनं फोटोही काढला. पुढे हार त्यालाच घातला.

तोवर मी साड्या विसरले होते. ती गेल्यावर बॅग उघडली. तिनं घडी मोडलेली हिरवी सुती साडी नेसायला घेतली, तर निऱ्यांच्या जुन्या चुण्या तिच्या उंचीला पडलेल्या. इस्त्रीनंही पुरत्या गेल्या नाहीत. मग दर रविवारी मी साडी नेसून भाजी आणायला लागले. जिन्यात मागे टाचा वाजायच्या. वळले की कुणी नसायचं. जांभळीला मात्र हात लावला नाही. ती कोरी होती तोवर काकू यायची बाकी होती.

यंदा गुढीपाडव्याला पाहिलं, तर ती घडीवर विरायला लागलेली. खालच्या मजल्यावरच्या मॉरागबाईंना वर बोलावून ती नेसवली.

"ही नेसून मी जाऊ कुठे?"

"भाजी आणायला."

त्या जिना उतरल्या. बुटक्या, साडी घोट्याच्या वर, टाचा आपटत. मी खिडकीतून पाहत राहिले. कोपऱ्यावर वळताना त्यांनी पदर कमरेला खोचला. ते मी त्यांना शिकवलं नव्हतं.

आता दिवाळी आली. साडी अजून मॉरागबाईंकडेच आहे, आणि मागता येत नाही.