पियानोला तेल घालणारा माणूस

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण गोष्ट सांगायची तर घ्यावंच लागणार. सहदेव. देवगडकडचे. गिरणीत विणखात्यात तेलवाला म्हणून बावीस वर्षं काढली. तेलवाला म्हणजे लांब चोचीची कुपी घेऊन साच्यासाच्यापाशी, म्हणजे मागामागापाशी, फिरायचं आणि जिथे लोखंडाला लोखंड घासतं तिथे थेंब सोडायचा. घरात दार कुरकुरलं तरी ह्यांना चैन पडायची नाही. माझ्या शिलाई मशीनला तर इतकं तेल पाजायचे की गिऱ्हाइकांच्या पोलक्यांना डाग पडायचे. किती बोंबलले मी! पण ऐकतील तर शपथ.

मग ब्याऐंशीचा संप झाला आणि ह्यांची गिरणी बंद पडली ती पडलीच. का, ते ह्यांना कळेना. एक पुढारी एक सांगायचा, दुसरा भलतंच. हे गेटावर जायचे, कुलूप बघायचे, परत यायचे. "मशिनां तर ठणठणीत होती गो," एवढंच म्हणायचे. तीन वर्षं तेच ऐकून माझ्या डोक्याचा भुगा झाला होता.

पंच्याऐंशी साली घाटकोपरातच, आमच्या भटवाडीपासून चालत पंधरा मिनिटांवरच्या एका हॉलवर ह्यांना काम लागलं. झाडलोट करायची, खुर्च्या मांडायच्या, किल्ल्या सांभाळायच्या. सेक्रेटरी श्यामकांतसाहेब म्हणाले, तीन महिने बघतो, दसऱ्यानंतरचे दोन कार्यक्रम नीट पार पडले की कायम करतो. म्हटलं, चला, देव पावला.

पण कार्यक्रम कसले, तेच आम्हाला धड कळत नव्हतं. दाराबाहेर बोर्ड लागला होता: शनिवारी आणि रविवारी पियानो, व्हायोलिन आणि चेलो. चेलो म्हणजे म्हणे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवतात. इंग्रजी पद्धतीचं शास्त्रीय संगीत. लाउडस्पीकर नाही, शंभर-सव्वाशे माणसं बसणार, कुणी हूं की चूं करायचं नाही. एक तुकडा संपला तरी टाळी नाही, सगळे तुकडे संपल्यावरच टाळी. आमच्याकडे भजनात बुवाने एक जागा घेतली की अख्खी आळी डोलते! मी म्हटलं, "अहो, मग त्या वाजवणाऱ्यांना कळणार कसं, आवडलं म्हणून?"

"माका काय माहीत," हे म्हणाले. "साहेब सांगतत तसा करायचा."

सोमवारी टेम्पोतून पियानो आला. गिरगावचे तुळशीदासकाका म्हणून एक म्हातारे, पियानो दुरुस्त करणारे. त्यांनी दिवसभर बसून सूर लावले आणि गेले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आता गिरणीतल्या माणसाला खंडेनवमीला काय करायचं ते सांगावं लागत नाही. मशीन पुसायचं, तेल द्यायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा. हे सकाळीच घरी आले आणि म्हणाले, "मालन, तुझी तेलाची बाटली दी." माझ्या शिलाई मशीनची. मीच दिली हो. ह्या हातांनी दिली.

बुधवारी पियानो वाजवणाऱ्या बाई सरावाला आल्या. मी डबा घेऊन तिथेच होते. उंच, शांत बाई. बसल्या, बोटं ठेवली. एक सूर वाजला, दुसरा नुसताच ठप्प. पट्टी दाबली ती वर येईचना. बाईंनी पुन्हा दाबलं, मग आमच्याकडे बघितलं. वाट लागली.

श्यामकांतसाहेब असे भडकले की बघायला नको. तुळशीदासकाकांना फोन करून बोलावलं आणि सगळ्यांदेखत त्यांची खरडपट्टी काढली. काय लावून गेलात, शनिवारी कार्यक्रम आहे, पुन्हा तुम्हाला मुंबईत कुठे काम मिळू देणार नाही. म्हातारा बिचारा घाम पुसत म्हणतोय, "साहेब, परवा मी सगळं ठीक करून गेलो होतो."

मला तेवढ्यात सगळं कळलं. मी ह्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की बास! गप्प राहा, म्हटलं डोळ्यांनी. म्हातारा आज ना उद्या सावरेल, आपलं काय? कायम व्हायला चार दिवस उरलेत. मला लाज वाटते सांगायला, पण तेव्हा माझ्या मनात हेच होतं.

हे पुढे झाले. "साहेब, तेल मी घातलं."

"कसलं तेल?"

"मशिनाचा. खंडेनवमी होती ना. पट्टी दाबली की तारेवर आपटतात ते आतले हातोडे कुईकुई करीत होते. जो सांधो कुरकुरलो त्यात एकेक थेंब सोडला."

बाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांनी सरळ दाराकडे बोट दाखवलं. म्हणाले, "आत्ताच्या आत्ता घरी जा. पुन्हा यायचं नाही."

पण तुळशीदासकाका मध्ये पडले. म्हणाले, "त्याला घालवू नका, साहेब. आज अडकलेत ते सांधे मला दिसतात. पण उद्या अडकणार आहेत ते कुठले, ते त्यालाच माहीत. शनिवारपर्यंत तो मला द्या." साहेबांनी दात-ओठ खात होकार दिला. म्हणाले, शनिवारी पियानो वाजला की हा चालू लागेल.

तीन दिवस हे त्या पियानोत डोकं घालून बसले. काका सांध्यातून खिळा काढायचे, हे पुसायचे, पांढऱ्या पेट्रोलने सांधा धुवायचे, वाळवायचे. जेवायला घरी आले की चार घास गिळून लगेच परत जायचे. राग होता की लाज, मला उमगेना. मी मात्र आतल्या आत धुमसत होते. खरं बोलून काय मिळवलंत, असं शंभरदा तोंडाशी आलं.

शनिवारी कार्यक्रम नीट पार पडला. ह्यांनी मागच्या दाराशी उभं राहून ऐकलं, किल्ल्या देऊन टाकल्या आणि घरी आले.

रविवारी सकाळी चहाला बसलो तर म्हणाले, "एक सुई दी आणि कापडाचो तुकडो." सुईला चिंधी गुंडाळून मला दाखवायला लागले. "ह्यो बघ खिळो. आणि ह्या बारीक कापड. लोखंडाक लोखंड घासणा नाय गो, मधी कापड आसा. तेल पिऊन ता फुगला आणि खिळ्याक आवळून धरलान. मग हातोडो परत येतलो कसो?" बाईंनी कार्यक्रमानंतर स्वतः झाकण उघडून, एकेक पट्टी दाबून ह्यांना दाखवलं होतं म्हणे. घाईत होत्या, तरी दाखवलं. हे सांगताना चेहरा बघायला हवा होता. नोकरी गेलेल्या माणसाचा चेहरा असा असतो होय?

माझा पारा चढला. "अहो, काम गेलं! कळतंय का तुम्हाला?"

"कळता," हे म्हणाले. "ह्या काम कित्याक गेला, ता माका कळला. पण गिरणी कित्याक गेली, मालन, ता अजून कोणी असा उघडून दाखवूक नाय."

आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हे माझ्यासमोर ढसाढसा रडले.