सिनेमातल्या चुका काढणारे हरिभाऊ

भाईंदर पश्चिमेला मिठागरांच्या कडेने जुन्या चार मजली इमारतींची रांग आहे. त्यातल्या नवप्रभात सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर हरिश्चंद्र मयेकर राहत. सगळे त्यांना हरिभाऊ म्हणत. परळची खोली विकून ते आणि त्यांची बायको अनसूयाबाई इकडे आले, तेव्हा खिडकीतून मिठाचे पांढरे ढीग दिसत आणि वाऱ्याबरोबर खारट वास घरात येई.

केबलचा जमाना सुरू झाला तेव्हा त्यांना स्टेशनजवळच्या एका केबलवाल्याकडे नोकरी लागली. ठरलेल्या वेळी कॅसेट लावायची आणि सिनेमा संपेपर्यंत मशीनपाशी बसून राहायचं, एवढंच काम. बारा वर्षं त्यांनी ते केलं. एकेक सिनेमा तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळा पाहिला. "पहिल्या चार-पाच वेळा माणूस गोष्ट बघतो," ते सांगत, "मग ती कुठे फाटलीय ते दिसायला लागतं."

आणि एकदा दिसायला लागलं ते लागलंच. हिरोच्या डाव्या पायाचं प्लॅस्टर गाणं संपेस्तोवर उजव्या पायाला गेलेलं. जत्रेत हरवलेला मुलगा वीस वर्षांनी सापडतो, पण त्या वीस वर्षांत आईबाप एकदाही पोलीस चौकीची पायरी चढलेले नसतात. हिरो बांधलेला, खलनायकाच्या हातात पिस्तूल, आणि हा बाबा गोळी झाडायची सोडून भाषण ठोकतोय. प्लॅस्टरसारख्या चुका हरिभाऊ माफ करत. "माणसंच काम करतात, होतं इकडचं तिकडे." पण डोकं ठिकाणावर असलेला माणूस आपल्या पायांनी मरायला का गेला, हे सिनेमाने सांगितलं नाही, की त्यांचा पारा चढायचा. "ही फसवणूक आहे," म्हणायचे.

हे सगळं ऐकायला हक्काचा माणूस एकच होता. तिसऱ्या मजल्यावरचे दाजी पाटकर. छापखान्यातून रिटायर झालेले, बायको गेलेली, मुलगी सुलू लग्न होऊन नाशिकला. दाजी रोज दुपारी तीनला खाली यायचे, आणि दोघं मिळून टीव्हीवर जो लागेल तो सिनेमा बघायचे. हरिभाऊंनी चूक काढली की दाजी म्हणायचे, "अहो, सिनेमा आहे. त्याला जायचं होतं, गेला. सगळ्यांनाच कुठे सांगता येतं?" अनसूयाबाई चहा ठेवताना दोघांनाही गप्प करायच्या.

गेल्या फेब्रुवारीत असाच एक भुताच्या बंगल्याचा सिनेमा लागला होता. भिंतीतून आवाज येतात, नळाला लाल पाणी येतं, पोरगी तापाने फणफणते, आणि ते कुटुंब तिथेच राहतं. हरिभाऊ तावातावाने सांगत होते, "अरे, बॅग भरा आणि निघा की! कोणी धरून ठेवलंय?" तेवढ्यात स्वयंपाकघरात फटाका फुटावा तसा आवाज झाला. तिघंही धावले. ओट्यासमोरच्या चार लाद्या जमिनीतून उखडून तंबूसारख्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या.

"उन्हाने होतं कधी कधी," दाजी म्हणाले. फेब्रुवारीतलं ऊन ते!

मग हळूहळू एकेक समोर यायला लागलं. पार्किंगमधल्या खांबाचं प्लॅस्टर गळून आतल्या सळ्या उघड्या पडल्या. त्या बोटाने खरवडल्या तर पापुद्रे निघत. दाजींच्या मोरीचा दरवाजा बसेना. हरिभाऊंच्या हॉलमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली. सवयीप्रमाणे त्यांनी तिच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली. आठवड्याने चीर रेघेच्या चार बोटं पुढे गेली होती. त्यांनी दुसरी तारीख घातली. मग तिसरी.

इंजिनिअर आला. त्याने खांबाच्या चिरेवर काचेची पट्टी चिकटवली आणि सांगितलं, ही तडकली तर समजा बिल्डिंग हलतेय. चौथ्या दिवशी सकाळी पट्टीचे दोन तुकडे झालेले होते. पंधरवड्यात गेटवर महापालिकेची नोटीस लागली: इमारत अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करावी.

सोसायटीची मीटिंग भरली. सेक्रेटरी निकेत शहा तरुण आणि हुशार, पण त्या दिवशी त्याचाही आवाज चढला होता. "एकदा निघालो ना, की संपलं. बिल्डर नव्या घराचं लेखी देत नाही तोवर कोणी हलायचं नाही. बाजूची सोसायटी बघा, सात वर्षं झाली, अजून भाड्याने राहतायत." सगळ्यांनी हात वर केले. हरिभाऊंनीही केला.

जिना चढताना दाजी हसून म्हणाले, "त्या बंगल्यातल्या लोकांना तुम्ही शिव्या घालत होतात."

"त्यांचा बंगला होता दाजी," हरिभाऊ म्हणाले. "आपली वन रूम किचन आहे. सोडून जायला दुसरं काय आहे?" आपलं हे उत्तर त्यांना स्वतःलाच पटलं नाही. पण घरी जाऊन ते जेवले आणि झोपलेही.

मार्च तसाच गेला. पार्किंगमध्ये लोखंडी टेकू लागले. माणसं त्यांच्यामधून वाकून जायला शिकली. मिक्सर लावायचा नाही असं अनसूयाबाईंनी ठरवलं, त्या पाट्यावर वाटायला लागल्या. आमटीत कधी वाळूचा कण दाताखाली यायचा, तरी कोणी काही बोलायचं नाही. वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली की हरिभाऊ घास हातात धरून छताकडे बघत, आणि मग पुन्हा जेवायला लागत.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी पोलीस आले. वीज आणि पाणी तोडलं. संध्याकाळपर्यंत चोवीस बिऱ्हाडं गल्लीच्या टोकाच्या मंगल कार्यालयात पोचली. कालच्याच लग्नाची झेंडूची तोरणं अजून लटकत होती. अनसूयाबाईंनी स्टेजच्या पायरीवर गाद्या टाकल्या आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा घोरत झोपल्या. गेटला दोरी लागली, एक हवालदार बसला. जे घेतलं ते घेतलं, आता आत कोणी जायचं नाही.

बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास हरिभाऊ आणि दाजी दोरीपाशी उभे होते. कार्यालयात करायला काही नव्हतं, म्हणून आले होते. हवालदार समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेला. इमारत उन्हात उभी होती, नेहमीसारखी. गॅलरीत कोणाचातरी टॉवेल तसाच राहिला होता. दाजींनी चष्मा पुसला आणि दोरीखालून वाकले.

"कुठे निघालात?" हरिभाऊंनी विचारलं.

"मोरीतला दिवा चालू राहिलाय," दाजी म्हणाले. "बंद करून येतो."

"बरं. लवकर या."

दाजी टेकूंमधून वाकून आत गेले. हरिभाऊंना त्यांची पाठ दिसली, मग जिन्यावरचा हात दिसला, मग काहीच दिसलं नाही. हवालदार परत आला, त्याला हरिभाऊंनी काही सांगितलं नाही. दहा मिनिटं गेली असतील. आधी कावळे उडाले. मग कोणीतरी जड कपाट ओढावं तसा आवाज आला, तो थांबला, आणि मागचा अर्धा भाग एकदम खाली बसला. धूळ गल्लीभर पसरली. हवालदार ओरडत होता, "आत कोणी होतं का? आत कोणी होतं का?" हरिभाऊंनी जिना होता तिकडे बोट दाखवलं.

दाजी संध्याकाळी सापडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस स्टेशनात जबाब घेतला गेला. सब-इन्स्पेक्टर बाई शांतपणे विचारत होत्या. "तुम्ही सोबत होता. ते का गेले, काही म्हणाले?"

"नाही," हरिभाऊंनी सांगितलं. "काही बोलले नाहीत."

खोटं का बोललो, ते त्यांना बाहेर आल्यावरही सांगता आलं नसतं. पण त्या दुपारी कार्यालयाच्या नळावर तोंड धुताना त्यांचे हात थांबले. वीज तर सोमवारीच तोडली होती. दाजींना ते माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं, दोघं दोन संध्याकाळी कार्यालयाच्या पंख्याखाली बसून त्याबद्दलच कुरकुरले होते. आणि ज्या माणसाला पडद्यावर चार सेकंद दिसलेली चूकही खुपायची, तो समोर उभा राहून "बरं, लवकर या" म्हणाला होता.

तेराव्याला सुलू त्यांना भेटायला आली. तोवर मयेकर पेणकरपाड्यात भाड्याच्या खोलीत गेले होते. लोक तिला काय काय सांगत होते: कागदपत्रं आणायला गेले, औषधं राहिली होती, आईचा फोटो राहिला होता. सगळं तर दाजींच्या पिशवीत होतं. तिने ती स्वतः उघडून पाहिली होती. "काका, खरं सांगा. बाबा काय म्हणाले?"

हरिभाऊंनी सांगितलं. जसंच्या तसं.

तिने लगेच विचारलं, "वीज नव्हती ना?"

"नव्हती."

"मग तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"नाही. माझ्या लक्षातच आलं नाही. किंवा..." ते अडखळले. "किंवा कोणीतरी जाऊन घर बघून येतंय, हे मला बरं वाटलं असेल. मला नाही माहीत, सुलू."

"थांबवायला हवं होतं तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. अनसूयाबाईंनी पुढे केलेला चहा तिने अर्धा घेतला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी हरिभाऊ जबाब दुरुस्त करायला पोलीस स्टेशनात गेले. बाई म्हणाल्या, कागद पुढे गेलेत, आता त्याने फरक पडत नाही. हरिभाऊ बाकावर बसून राहिले. शेवटी बाईंनी पुरवणी जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवताना मध्येच थांबल्या. "वीज बंद असताना दिवा बंद करायला गेले. असंच लिहू? वाचणाऱ्याला कळेल का?"

"असंच लिहा," हरिभाऊ म्हणाले आणि सही केली.

परत येताना ते त्याच गल्लीतून आले. ढिगाऱ्याभोवती पत्रे लावले होते. समोरची इमारत त्याच बिल्डरची, त्याच साली, त्याच खाडीच्या रेतीत बांधलेली. तिच्या गेटवर त्या आठवड्यात नोटीस लागली होती, आणि गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. पहिल्या मजल्यावरून सरूबाई वाकली. ती पूर्वी अनसूयाबाईंकडे पोळ्या करायला यायची. "काका, या ना वर! चहा टाकते."

"तू खाली ये, सरूबाई. सामान घेऊन खाली ये."

"जाणारच आहोत हो. मुलीची परीक्षा होऊ दे."

तेव्हापासून हरिभाऊ रोज सकाळी पेणकरपाड्याहून रिक्षाने तिथे जातात. गेटबाहेर उभे राहून हाका मारतात. दोन कुटुंबं गेली, त्यांचं म्हणणं आहे की ती काकांच्या कटकटीनेच गेली. सरूबाईच्या मुलीची परीक्षा झाली. आता ती म्हणते, निकाल लागू दे. परवा हाक मारल्यावर ती घाईने गॅलरीत आली आणि कठड्याला टेकली, तर कठड्याचा एक तुकडा सुटून खाली गेटच्या आत, हरिभाऊंच्या समोर पडला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"बघते हां काका," सरूबाई म्हणाली, आणि गॅसवर दूध आहे म्हणून आत गेली.