लिफ्टमनचा फॉर्म

लिफ्टमन म्हणजे देवमाणूस, पण आयुष्यात स्वतःचं म्हणून काही ठरवलं असेल तर शपथ! नोकरी थोरल्या बहिणीनं चिकटवून दिली, बायको तिनंच पसंत केली, भांगसुद्धा ती म्हणाली म्हणून डावीकडे. कामही तसंच. बावीस वर्षं लोक मजला सांगणार आणि हा हँडल फिरवणार.

आता तो काम करायचा त्या विद्यापीठाच्या इमारतीत बटणांची लिफ्ट येणार होती. नोकरी सोडायची की बागेत माळी व्हायचं, ते आज पाचच्या आत फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. ताईनं ‘नोकरी सोडतो’ ह्याच्यापुढे पेन्सिलीनं खूणही करून ठेवली होती. पण अर्धा जन्म पेटीत गेलेला माणूस तो. मातीत हात घालायला जीव नुसता आसुसला होता बिचाऱ्याचा. ताईला सांगणार कोण?

पावणेपाचला वरच्या मजल्यावर तीन प्राध्यापक लिफ्टमध्ये शिरले. ह्यानं धीर करून त्यांच्यापुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं.

कायद्याच्या बाई म्हणाल्या, “दुसऱ्यानं ठरवायचं आणि आपण मानायचं, हे अल्पवयीन मुलाचं झालं. त्याला पालक लागतो.”

“आमच्याकडे ह्याला बांडगूळ म्हणतात,” जीवशास्त्राचे सर म्हणाले. लिफ्टमनचा चेहरा पडला तसे घाईघाईनं म्हणाले, “अहो, वाईट वाटून घेऊ नका, शास्त्रीय शब्द आहे!”

तत्त्वज्ञानाच्या सरांना तर चेवच चढला. “ही परतंत्रता! नियम दुसऱ्याचा, चालणार आपण. छे, छे! माणसानं स्वतःचं स्वतः ठरवावं.”

“मग काय ठरवू, सर?”

“नोकरी सोडा. मी सांगतो ना!”

“मुळीच नाही,” बाई कडाडल्या. “माळी व्हा!” झालं, तिघांची जुंपली.

लिफ्टमननं हँडल मागे ओढलं. दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्ट खडकन थांबली.

“जरा गप्प बसता का?” तो म्हणाला, आणि असं आपण बोललो ह्याचं त्यालाच नवल वाटलं. फॉर्म भिंतीवर टेकवून त्यानं पेन्सिलीची खूण अंगठ्यानं पुसली, ‘माळी’पुढे पेनानं ठसठशीत बरोबरची खूण केली आणि मगच लिफ्ट खाली घेतली.

ऑफिसातल्या हेडक्लार्कनं फॉर्म पाहिला. ताईला तो चांगला ओळखून होता. “ताईंना विचारलंत का?”

“नाही. घरी गेल्यावर सांगणार आहे.”

“अहो, रागावतील की!”

“रागावू दे,” लिफ्टमन म्हणाला. भीती वाटत होतीच, आणि तरी बावीस वर्षांत इतका आनंद त्याला झाला नव्हता.