मुदतीनंतर उरलेला मेसेज

निपाणीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, शेवटचा मेसेज तिच्या मृत्यूनंतर एक्केचाळिसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, माझ्या फोनवरून नाहीसा झाला. तो चौतीस दिवस आधीच जायला हवा होता.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. बेळगावात सव्वीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. बातमी देणाऱ्याचं नाव फुटू नये म्हणून मेसेज सात दिवसांनी आपोआप पुसले जातील, अशी सोय मी फोनवर ठेवतो. सवयीने ती आक्काच्या चॅटलाही लावली होती.

"भाजी काय केलीस इचारलं तर त्येला बी कुलूप?" आक्का हसली होती. "मी काय चोर हाय व्हय रं?"

बेळगावच्या अनगोळ भागात मी एकटाच राहतो. रोज दुपारी तिचा एकच प्रश्न यायचा — "जेवलास काय रं?" त्या सोमवारी तो एक वाजून दहा मिनिटांनी आला. मी कोगनोळी नाक्यावरच्या अपघाताची बातमी तपासत होतो. मग देऊ उत्तर, म्हटलं... साडेतीनला ती गेल्याचा फोन आला.

पुढच्या सात दिवसांत तिचे मेसेज एकेक करून गेले. शेवटचा तेवढा राहिला. तिची मुलगी सुजाता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला फोन केला.

"असं होतच न्हाय, मामा. सेटिंग चालू हाय न्हवं?"

"हाय. बाकीचे गेले की."

"आईच्या फोनला बॅकअप बी न्हाय. तुम्हीच बंद करायला लावलासा." "त्येला हात लावू नगासा. तिचं तेवढंच राह्यलंय."

हात लावला नाही. पण रोज ताट घेऊन बसलो की तो प्रश्न समोर असायचा. त्या रविवारी आमटी-भात खाल्ला, हात धुतले आणि एक वाजून बावीस मिनिटांनी लिहिलं — "जेवलो, आक्का."

ताट घासून परत आलो तेव्हा तिचा प्रश्न चॅटमध्ये नव्हता. सुजाताला सांगितलं.

आक्काचं सिम महिन्यापूर्वी बंद केलंय. फोन माझ्या कपाटात आहे. कपाट उघडून पाहिलं, फोन बंदच होता. हे लिहीपर्यंत माझ्या उत्तरावर एकच टिक आहे — गेलं, पोचलेलं नाही.