निळ्या पानांचा पडदा

बायको गेली तेव्हा पडद्यातलं एक झाड अर्धं राहिलं होतं. ते मी पुरं केलं. चौथी शिकलेला माणूस आहे, पण एवढं ताठ मानेने लिहितो.

दशाश्वमेधच्या पुढे बालाजी घाटाजवळ आम्ही दोघं जुन्या पैठण्या दुरुस्त करायचो. उभे धागे मी ओढायचे, चित्र तिने भरायचं. मुन्शी घाटाकडच्या एका हवेलीतल्या बाईंनी तो पडदा दुरुस्तीला आणला. लोकरीचा, भिंतीवर टांगायचा, भिंतीएवढा, त्यावर हरणाची शिकार, एका झाडाची बरीच पानं कसरीने खाल्लेली. चार-पाचशे वर्षांपूर्वी बेल्जियमकडे विणलेला. पैठणीसारखाच, रंगाचा धागा त्या रंगापुरता नेऊन मागे वळवायचा. विणायचं पाठीकडून.

"म्हणजे आपलेच भाऊबंद," ही म्हणाली आणि काम घेतलं.

अंथरुणाला खिळायच्या आधी तिने पानांसाठी लोकर रंगवून ठेवली. राखाडी निळी.

"अगं, झाडं निळी असतात होय? डोळे गेले तुझे."

"तुम्ही तुमचे धागे बघा."

महिन्याभरात ती गेली. बाईंचा निरोप आला, दिवाळीपर्यंत झालं नाही तर पडदा दिल्लीला जाईल. तिचं शेवटचं काम परक्या हातात. मीच बसलो. पाठीकडून पानं हिरवीगार दिसत होती, म्हणून बाजारातून हिरवी लोकर आणली आणि वीतभर विणलं. मग पडदा उलटला. झाडावर पोपटांचा थवा बसल्यासारखं दिसत होतं. बाकीचं झाड निळं.

हिरव्यातला पिवळा रंग इतक्या वर्षांच्या उजेडाने उडाला होता, निळा तेवढा उरला होता. पाठीला उजेड लागलाच नव्हता. माझी सारी नजर पाठीकडे. तिने पडदा समोरूनही बघितला होता. डोळे माझेच गेले होते.

सगळं उसवलं. तिने रंगवलेली निळी लोकर बाहेर काढली. दिवाळीच्या आठ दिवस आधी शेवटचं पान भरलं.

हवेलीत पडदा टांगल्यावर बाई मोबाइलचा उजेड पाडून चष्म्यातून शोधत राहिल्या.

"काका, नया कौनसा है?"

"ढूँढिए."

बऱ्याच वेळाने त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. ते जुनं होतं, त्या बेल्जियमवाल्याचं. असं हसू मला ती गेल्यापासून आलं नव्हतं.

घरी येताना दशाश्वमेधवर आरतीची गर्दी होती. त्या गर्दीतून मी छाती काढून चाललो. झाडं निळी असतात.